आईला कॅलिफोर्नियातल्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचंय, जानेवारीत गाडीनं. कुणी जाऊन आलंय का?

रंकाळाकाठ

नमस्कार मंडळी. मी फुलेवाडीचा. धाकटा भाऊ अमेरिकेत, लॉस एंजेलिसच्या खाली अर्व्हाईन म्हणून गाव आहे तिथं असतो. येत्या जानेवारीत आई-बाबांना घेऊन दीड महिन्यासाठी त्याच्याकडं चाललोय. आई बहात्तर वर्षांची, बाबा अठ्ठ्याहत्तर. आईचे दोन्ही गुडघे गेलेत आणि ऑपरेशनचं नाव काढलं की ती उठून आत जाते. बाबांना बीपीची गोळी चालू आहे.

आईचं माहेर देवरुख. लहानपणी दिवाळीनंतर आजोबा सगळ्या पोरांना राजवाडीच्या गरम पाण्याच्या कुंडावर न्यायचे. लग्न होऊन कोल्हापुरात आली तरी माहेरी गेली की राजवाडी ठरलेली. मागच्या सहा वर्षांत तेही झालं नाही. अमेरिकेचं तिकीट काढलं त्या रात्री जेवताना तिनं एकच विचारलं, "काय रे, तिकडे राजवाडीसारखं पाणी असेल काय?" एवढी वर्षं आईनं स्वतःसाठी म्हणून काही मागितल्याचं मला आठवत नाही. त्यामुळं हे मला करायचंच आहे.

भाऊ म्हणतो, तिथून शंभरेक मैलांवर वाळवंटात डेझर्ट हॉट स्प्रिंग्ज नावाचं गावच आहे, गरम पाण्याचे रिसॉर्ट आहेत. पण तो स्वतः गेलेला नाही. मला विचारायचंय ते असं. गुडघ्यांच्या माणसाला गाडीतला तेवढा प्रवास झेपेल का? एक दिवसात परत यावं की मुक्काम करावा? बाबांनी पाण्यात उतरावं का? आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे आईनं आयुष्यात साडीशिवाय काही घातलेलं नाही. तिथं साडीत पाण्यात सोडतात का? हे भावाला विचारायलाही तिला संकोच वाटतो, म्हणून इथं विचारतोय.

आंबाघाटकर

दादा, अमेरिकेचं मला माहीत नाही. पण आधी राजवाडीलाच घेऊन जा की आईंना. कोल्हापूर, मलकापूर, आंबा, घाट उतरून साखरपा, तिथून उजवीकडं देवरुख आणि मग संगमेश्वर. थांबत गेलं तरी साडेतीन-चार तास. पुढं मुंबई-गोवा महामार्गाला लागून तुरळ आणि थोडं आत राजवाडी. घाटात गाडी हळू घ्या, रस्त्याची कामं बघून निघा. सहा वर्षांत आईंच्या अंगात किती फरक पडलाय ते घरच्या पाण्यावर कळू दे. परक्या मुलखात पहिल्यांदा कळायला नको.

तुरळचं पाणी साठ अंशांच्या आसपास असतं, ते थेट अंगावर घ्यायचं नाही. बादलीत काढून इसवण घालायचं आणि मगच आंघोळ.

भूगोलाच्या बाई

रंकाळाकाठ, तुमचा प्रश्न वाचला आणि भाजी गॅसवरून उतरवून लिहायला बसले. आम्ही दोघं २०२३ च्या जानेवारीत तिथं जाऊन आलो. मी तेव्हा चौसष्ट, हे सत्तर. लेक रिव्हरसाईडला असते. कोल्हापुरात मी एकतीस वर्षं भूगोल शिकवला. फळ्यावर खडूनं गरम पाण्याचे झरे काढले, प्रस्तरभंग काढले, वाळवंट काढलं, पण ते पायाखाली कधी आलं नव्हतं. म्हणून जरा लांबण लागेल, सांभाळून घ्या.

आधी साडीचं सांगते, कारण तुमच्या आईंच्या मनात तेच असणार. साडीत पाण्यात सोडत नाहीत. सुती कापडच चालत नाही, पोहण्याच्या कापडाचा पोशाख लागतो. मला हे लेकीनं फोनवर सांगितलं तेव्हा मी म्हटलं, मग मी काठावर बसते, तुम्ही जा. दोन दिवस मी खरंच रुसले होते. मग राजारामपुरीत एका दुकानात विचारलं, तर बायकांसाठी पूर्ण अंगाचा पोशाख मिळतो. बाह्या मनगटापर्यंत, पाय घोट्यापर्यंत, आणि कमरेला गुडघ्यापर्यंत येणारी झालर शिवलेली. अंगाला चिकटत नाही, ओला झाला तरी आरपार दिसत नाही. मी गडद निळा घेतला. घरी आरशासमोर दार लावून घातला, आणि खरं सांगते, पंजाबी ड्रेसपेक्षा वेगळं काही वाटलं नाही. आईंना तो इथंच घेऊन द्या. घरी दोन-तीनदा घालू दे, त्यात वाकू दे, बसू दे. तिथं जाऊन दुकान शोधण्यात मजा नाही, आणि त्यांचा धीरही सुटेल.

याच्याच जोडीला एक गोष्ट, जरा अवघड आहे पण सांगितली पाहिजे. त्या गावात काही जागा अशा आहेत की जिथं पाण्यात कपडे घालणं ऐच्छिक असतं. बऱ्याच जागा फक्त मोठ्या माणसांसाठी आहेत, लहान मुलं चालत नाहीत. भावाला मुलं असतील तर तेही बघा. बुकिंग करताना फोटोवर जाऊ नका, भावाला फोन करून स्पष्ट विचारायला सांगा. आमच्या लेकीनं विचारलं, म्हणून आम्ही वाचलो. पहिली निवडलेली जागा तशीच निघाली होती.

आता रस्ता. अर्व्हाईनहून ९१ नंबरच्या रस्त्यानं रिव्हरसाईड, तिथून ६० नंबरनं बोमाँट आणि मग १० नंबरचा मोठा महामार्ग. वाहतूक नसेल तर दोन तासांत पोचता. पण ९१ नंबर दुपारी दोननंतर कोरोना गावाकडं जाताना असा तुंबतो की दोनाचे साडेतीन तास होतात. तुम्ही सकाळी नऊ-दहाला निघा. त्या वेळी गर्दी उलट्या दिशेला, समुद्राकडं असते. शुक्रवारी अजिबात निघू नका, सगळं लॉस एंजेलिस शनिवार-रविवारसाठी त्याच रस्त्यानं वाळवंटाकडं निघतं. सोमवार ते गुरुवार खोल्यांचं भाडंही कमी असतं.

तासाभरानं गाडी थांबवून आईंना पाच मिनिटं चालवा. कबेझॉनला कपड्यांच्या दुकानांचा मोठा बाजार आहे, स्वच्छतागृह चांगलं आहे, तिथं थांबा. शेजारीच सिमेंटचे दोन अवाढव्य डायनोसॉर रस्त्यावरून दिसतात.

त्या टप्प्यावर बाबांना खिडकीशी बसवा. उजव्या हाताला सॅन हॅसिंटो डोंगर, ३३०० मीटर. डाव्या हाताला सॅन गोर्गोनियो, ३५०० मीटर. आपलं कळसूबाई १६४६. म्हणजे दुपटीहून उंच दोन डोंगर, जानेवारीत माथ्यावर बर्फ, आणि मधल्या खिंडीतून आपली गाडी चाललेली. समुद्राकडची गार हवा या खिंडीतून वाळवंटाकडं धावते, म्हणून तिथं पवनचक्क्यांचं रानच उभं आहे. आणि खिंड ओलांडली की पाच-दहा मिनिटांत हिरवं संपतं. मी वर्गात मुलांना सांगायचे, गगनबावड्याला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि त्याच जिल्ह्यात शिरोळला पाचशेच्या आसपास, कारण ढग सह्याद्रीवर रिकामे होतात. तिथं तोच धडा आहे, फक्त डोंगर दुप्पट उंच, आणि पलीकडं ऊस नाही, दगड, वाळू आणि काटेरी झुडपं. मी यांना म्हटलं, हे बघा पर्जन्यछाया. लेक गाडी चालवता चालवता हसली. मला मात्र भरून आलं होतं. एकतीस वर्षं जे सांगितलं ते खरं निघालं, असं काहीतरी वाटलं.

पुढं पाम ड्राईव्ह नावाच्या रस्त्यावर महामार्ग सोडायचा आणि डावीकडं उत्तरेला वळायचं. गाव साधं आहे. तुमच्या डोळ्यापुढं मोठं झगमगाटाचं रिसॉर्ट असेल तर ते काढून टाका. बसकी घरं, रुंद रस्ते, मधेमधे मोकळ्या जागा, आणि वारा. आमची जागा बारा-चौदा खोल्यांची, मधल्या चौकात तीन कुंडं. खोलीत छोटा ओटा, शेगडी, फ्रिज होता. तसलीच खोली मागा. आम्ही लेकीच्या घरून दशम्या, शेंगदाण्याची चटणी, दही, मुगाच्या खिचडीचं सामान नेलं होतं. दोन दिवस बाहेर जेवायची वेळ आली नाही.

पाणी. त्या पाण्याला वास नाही. राजवाडीला, तुरळला गंधकाचा वास आधी येतो आणि पाणी नंतर दिसतं. इथं मी वाकून ओंजळ नाकाशी नेली, काही नाही. काचेसारखं स्वच्छ. जमिनीतून येतं तेव्हा अंगावर घेण्यासारखं नसतं, फार कढत असतं, ते निववून कुंडात सोडतात. म्हणजे इसवण घातलेलंच पाणी म्हणा. आमच्याकडं एका कुंडात कोमट, दुसऱ्यात त्याहून गरम आणि तिसऱ्यात चाळीस अंश. पायऱ्यांना स्टीलचा कठडा होता, आईंसाठी हे आधी विचारून घ्या. काही जागी कडेवरून शिडीनं उतरावं लागतं, ते त्यांना जमणार नाही.

पहिल्या संध्याकाळी मी कठड्याला धरून उभी राहिले आणि पाय घालायचा धीर होईना. कुंडात एक कोरियन आजी होत्या, ऐंशीच्या असतील. त्या भागात कोरियन लोक खूप येतात. डोक्यावर छोटा पंचा घडी करून ठेवलेला. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, मला कोरियन. त्या हळूहळू कडेला आल्या, माझ्या शेजारी पायरीवर बसल्या, आणि आधी फक्त घोटे बुडवून दाखवले. हातानं थांब म्हणाल्या. मग पोटऱ्या. मग पुन्हा थांब. मग त्यांनी ओंजळीनं पाणी घेऊन माझ्या गुडघ्यांवर सोडलं, तीन-चार वेळा, जशी आपली आई सोडेल तसं. मी गळ्यापर्यंत पाण्यात गेले तेव्हा दहाएक मिनिटं झाली असतील. दुसऱ्या दिवशी संक्रांत होती. मी तिळगूळ नेला होता तो त्यांच्या हातावर ठेवला. त्यांनी दोन्ही हातांत घेतला, कपाळाला लावला आणि मग खाल्ला.

आता जे चुकलं ते. आमच्या ह्यांना बीपीची गोळी आहे, तुमच्या बाबांसारखी. पहिल्याच रात्री जेवण झाल्यावर हे पुन्हा उतरले, तेही चाळीस अंशांच्या कुंडात. मी म्हटलं पुरे, तर म्हणाले, इतकं बरं वाटतंय, बसू दे. पंचवीस मिनिटं झाली. मग एकदम उठून उभे राहिले आणि पायरीवरच डोळ्यापुढं अंधारी आली. कठडा हातात होता म्हणून पडले नाहीत. लेकीनं आणि मी खांद्याला धरून खुर्चीत बसवलं, ओठ पांढरे झाले होते. त्यात वारा सुटलेला, बाहेर आठ अंश असेल, अंग ओलं. पाणी पाजलं, पाय वर ठेवले, टॉवेल गुंडाळले, दहा मिनिटांत रंग परत आला. ती दहा मिनिटं मी विसरणार नाही. चूक आमची होती. भिंतीवर लिहिलेलं होतं, जास्त वेळ बसू नका, बीपी असेल तर डॉक्टरांना विचारा. आम्ही वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. दुसऱ्या दिवसापासून कोमट कुंड, दहा मिनिटं, घड्याळ माझ्या हातात. आणि बाहेर येताना आधी पायरीवर दोन मिनिटं बसायचं, मग उभं राहायचं. बाबांना हे एवढं पाळायला लावा. बाकी सगळं विसरलात तरी चालेल.

वाऱ्याचं मुद्दाम सांगते. दिवसा तिथं जानेवारीत छान ऊन असतं, वीसेक अंश. सूर्य डोंगराआड गेला की थंडी आणि वारा. गरम पाण्यातून निघून खोलीपर्यंत चालत जाण्यात आईंचे गुडघे पुन्हा आखडतील. जाड टॉवेलचा अंगरखा, लोकरीचे मोजे, कानटोपी कुंडाच्या कडेला ठेवा. खोली चौकाला लागून मागा, वरच्या मजल्यावरची नको.

मुक्काम करा, दोन रात्री. एका दिवसात जाऊन येण्यात पाच तास गाडीत आणि एक तास पाण्यात जाईल. पाण्याचा खरा गुण दुसऱ्या दिवशी सकाळी कळतो. मी उठले आणि पलंगावरून उतरताना हात टेकायला लागला नाही. औषध आहे असं मी म्हणणार नाही. चार दिवसांनी गुडघे पुन्हा होते तिथंच आले. पण ती एक सकाळ मिळाली.

त्या सकाळी आम्ही कॅबट यर्क्सा नावाच्या माणसाचं घर बघायला गेलो. तिथं त्याचं संग्रहालय केलंय, कॅबट्स पुएब्लो म्हणतात. हा माणूस १९१३ मध्ये त्या ओसाड जागेवर जमीन घेऊन राहिला. पाणी मैलोगणती लांबून आणायला लागायचं. म्हणून हातानं विहीर खणली, तर गरम पाणी लागलं. थोड्या अंतरावर दुसरी खणली, तर गार आणि गोड पाणी. एकाच टेकडीवर! तो त्या टेकडीला चमत्काराची टेकडी म्हणायचा. चमत्कार असा की त्या दोन विहिरींच्या मधून जमिनीतली भेग जाते. मिशन क्रीकचा प्रस्तरभंग, म्हणजे सॅन अँड्रियास या कॅलिफोर्नियातल्या मोठ्या भेगेचीच एक शाखा. भेगेच्या एका अंगाला पाणी खोलवर जाऊन तापून वर येतं, दुसऱ्या अंगाला गार पाण्याचा साठा आहे. गावाला प्यायला पाणी तिथलंच मिळतं, आणि त्या पाण्याच्या चवीचं तिथल्या लोकांना फार कौतुक आहे.

भेग डोळ्यांना दिसत नाही. पण वाळवंटात मधेच ताडासारख्या झाडांचे पुंजके दिसतात ना, ते तिच्यावर उभे असतात, कारण भेगेपाशी अडलेलं पाणी तिथं वर येतं. मी तिथं उभी होते आणि मला १९६७ चा डिसेंबर आठवला. मी आठ वर्षांची, मंगळवार पेठेत राहायचो. अकरा तारखेची पहाट, फळीवरची भांडी खाली आली, वडलांनी मला आणि भावाला पांघरुणासकट उचलून अंगणात आणलं. तो कोयनेचा भूकंप. भूगोल घ्यावासा वाटला तो त्या पहाटेमुळं. डेझर्ट हॉट स्प्रिंग्जलाही १९४८ मध्ये, डिसेंबरातच, मोठा धक्का बसला होता. जमिनीतल्या भेगा माणसाला हादरवतात आणि गरम पाणीही देतात.

आपल्या कोकणातलं पाणीही ज्वालामुखीमुळं तापत नाही, पुष्कळांचा तो गैरसमज आहे. पावसाचं पाणी काळ्या दगडातल्या भेगांतून खोल जातं, तिथल्या उष्णतेनं तापतं आणि भेगांतूनच वर येतं. पालघरपासून राजापूरच्या उन्हाळ्यापर्यंत अशा झऱ्यांची एक रांगच आहे. तुमच्या आईंना सांगा, दोन्ही पाणी एकाच तऱ्हेनं तापलंय.

फिजिओ_कोल्हापूर

बाईंनी बीपीचं सांगितलंय ते अक्षरशः पाळा. मी गुडघ्यांचे रुग्ण रोज बघते, त्यामुळं थोडी भर घालते.

गरम पाण्यात रक्तवाहिन्या सैलावतात आणि बीपी उतरतं. गोळीनं ते आधीच उतरवलेलं असतं. त्यात एकदम उभं राहिलं की मेंदूकडं रक्त कमी पडतं आणि चक्कर येते. बाबांच्या डॉक्टरांना निघण्याआधी भेटा, गोळीची वेळ आणि पाण्याची वेळ याबद्दल त्यांनाच विचारा. स्वतःच्या मनानं गोळी चुकवू नका. जेवल्यावर लगेच उतरायचं नाही, आधी आणि नंतर पाणी प्यायचं, आणि पाण्यात कुणीही एकटं असायचं नाही.

आईंना शुगर आहे का? तुम्ही लिहिलेलं नाही. बऱ्याच वर्षांची शुगर असेल तर तळपायांची जाणीव कमी झालेली असते, पाणी भाजतंय हे पायाला कळतच नाही. अशा वेळी पायानं पाणी बघायचं नाही, कोपरानं बघायचं.

आणि विमानाआधी परदेशी पाहुण्यांचा आरोग्य विमा काढा. तिथं साधं तपासून घ्यायलाही खर्च फार येतो.

रंकाळाकाठ

बाई, तुमचं उत्तर मी आईला वाचून दाखवलं. कोरियन आजींपाशी आली तेव्हा तिनं "पुन्हा वाच" म्हणून सांगितलं. बाबा अंधारीच्या ठिकाणी गप्प झाले, आणि मग स्वतःहून म्हणाले की मी कोमट पाण्यातच बसेन. तेवढं तुमच्यामुळं झालं.

शुगर आहे आईला, अकरा वर्षं. ते लिहायचं राहिलं, चूक माझी. डॉक्टरांनी पाय तपासले, जाणीव थोडी कमी आहे म्हणाले.

दोन शंका अजून. पोशाखाच्या बाह्या मनगटापर्यंत असतात म्हणालात, पण आईला बांगड्या काढायच्या नाहीत. काचेच्या आहेत, हिरव्या. त्या चालतात का? आणि तिथून परत येताना कुठं थांबण्यासारखं आहे?

भूगोलाच्या बाई

काचेच्या बांगड्या पाण्यात घालून उतरू देतील असं मला वाटत नाही. फुटली तर काच कुंडात दिसत नाही आणि सगळं पाणी उपसायला लागतं. आईंचं मन मी समजू शकते. मी दोन्ही हातांत सोन्याचं एकेक कंकण ठेवलं आणि काचेच्या उतरवून रुमालात बांधून लेकीच्या पर्समध्ये ठेवल्या. मंगळसूत्र राहू दिलं, कुणी काही म्हटलं नाही. आईंना म्हणावं, बाळंतपणात, दवाखान्यात काढतोच की आपण, तसं समजायचं.

परत येताना लगेच घरी वळू नका. उलट्या दिशेला पाऊण तासावर इंडिओ आहे, तिथं खजुराच्या बागा आहेत. मेदजूल जातीच्या खजुराची रोपं मोरोक्कोहून १९२७ मध्ये अमेरिकेत आणली, पुढं काही वर्षांनी ती या भागात लावली. झाडाला घोस लागले की त्यांना कागदाच्या पिशव्या बांधतात, पण जानेवारीत तोडणी झालेली असते, म्हणून झाडं रिकामी दिसतील. आईंना शुगर आहे तेव्हा खजुराचं दूध त्यांना देऊ नका, बाबांना एक घोट द्या. एप्रिलात त्या बाजूला फिरकू नका, इंडिओला संगीताचा मोठा महोत्सव असतो आणि खोल्या मिळत नाहीत. जानेवारी तुम्ही अगदी योग्य निवडलाय. उन्हाळ्यात तिथं पारा चाळीसच्या वर असतो, गरम पाण्यात कोण बसणार.

घरी परतायचा रस्ता ९१ नंबरच असेल तर सकाळी लवकर निघू नका. तेव्हा समुद्राकडं जाणारी बाजू तुंबते. अकराला निघा.

आणि आंबाघाटकरांनी सांगितलंय ते माझंही म्हणणं आहे. आधी राजवाडी.

आंबाघाटकर

जाणार असाल तर साखरप्याच्या अलीकडं गाडी गरम होऊ देऊ नका, घाट उतरताना गिअरवर ठेवा. देवरुखात आईंच्या माहेरचं कुणी असेल तर आदल्या रात्री तिथंच मुक्काम करा, आणि सकाळी कुंडावर गर्दी व्हायच्या आत पोचा.

रंकाळाकाठ

मंडळी, काल राजवाडीहून आलो.

शनिवारी दुपारी निघालो, मलकापूरला चहा, आंब्याला एकदा उतरवून आईला चालवलं. देवरुखात मामाच्या घरी मुक्काम केला. मामा आता नाही, मामी आहे, ती पण बरोबर आली. सकाळी सातला कुंडावर. धुकं होतं आणि पाण्यावर वाफ, कुठलं धुकं आणि कुठली वाफ ते कळत नव्हतं. आई गाडीतून उतरली, वास आला तशी थांबली आणि म्हणाली, "आला बघ."

पोशाख राजारामपुरीत मिळाला. निळा नव्हता, काळपट हिरवा आहे. तो तिनं साडीच्या आत घातला होता, मला सांगितलंही नव्हतं. बायकांच्या बाजूला मामी घेऊन गेली, मी आणि बाबा बाहेर. त्यामुळं पुढचं मामीनं सांगितलेलं. बांगड्या आईनंच काढल्या, एकेक करून, आणि मामीच्या पदरात बांधल्या. मामीनं बादलीत पाणी काढलं, इसवण घातलं, तर आई म्हणाली थांब, आणि कोपर बुडवून बघितलं. फिजिओताई, तुमचं तिला सांगायचं माझ्या ध्यानातून गेलं होतं. मामीनं विचारलं हे कुठं शिकलीस, तर म्हणाली, दोन पोरांना न्हाऊ घातलंय ना मी.

आणखी थोडं गार पाणी घालायला लावलं तिनं. मग पाय बुडवून बारा मिनिटं बसली. मी बाहेर घड्याळ लावून होतो. जायचं तिकीट नऊ जानेवारीचं आहे, भावानं तळमजल्याची, कठडा असलेली जागा दोन रात्रींसाठी सांगून ठेवलीये, मंगळवार-बुधवार. आज सकाळी आईनं तो पोशाख धुवून गच्चीवर वाळत घातलाय, सावलीत, उलटा करून, रंग जाऊ नये म्हणून.